एकसष्टचे उत्तर आणि नगरचे कागद

६० ला कोणत्या वर्गसंख्येने गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? उत्तर पाटीवर दोन मिनिटांत निघते. ४ चा वर्ग १६; ६० × १६ + १ = ९६१; तो ३१ चा वर्ग. ६२ ला हाच प्रश्न घातला तर ८ वर काम भागते : ६२ × ६४ + १ = ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ने मात्र भल्याभल्यांचा घाम काढला आहे. १ पासून मोजत गेलो तर २२,६१,५३,९७९ पर्यंतची एकही संख्या चालत नाही. त्याच्या पुढची, २२,६१,५३,९८०, चालते. आणि तेव्हा उजवीकडे जो वर्ग उभा राहतो तो १,७६,६३,१९,०४९ चा असतो. शंभराच्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येचे लघुतम उत्तर इतके मोठे नाही.

हे उत्तर भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. भास्कराचार्यांविषयी आपल्याकडे बोलले जाते पुष्कळ, पण त्यातला बराचसा भाग लीलावतीच्या मोत्याभोवती फिरतो. मला इथे त्या दहा आकडी संख्येचा माग काढायचा आहे : ती कुठे लिहिली गेली, कोणाच्या हातून पुढे सरकली, आणि यातले काय कागदाने, दगडाने किंवा खुद्द आकड्यांनी सिद्ध होते. हा माग अहमदनगरशी, म्हणजे आजच्या अहिल्यानगरशी, तीनदा येऊन भिडतो. म्हणून नगरकर वाचकाने आकडेमोड पाहून पान उलटू नये.

आधी खुद्द रीत पाहू. ज्या संख्येने गुणायचे ती ‘प्रकृती’; इथे ती ६१. ज्याचा वर्ग घ्यायचा ते ‘कनिष्ठ’ मूळ, उत्तराचे मूळ ते ‘ज्येष्ठ’, आणि मिळवायची संख्या तो ‘क्षेप’. आपल्याला क्षेप १ हवा आहे. भास्कराचार्य सुरुवात सोपी करतात : कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३, कारण ६१ + ३ = ६४. आता असा गुणक शोधायचा की त्याला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवले तर क्षेपाने, म्हणजे ३ ने, निःशेष भाग जावा. शिवाय त्याचा वर्ग ६१ च्या जवळ हवा. ७ दोन्हीला बसतो. ७ + ८ = १५, त्याला ३ ने भागले की ५ : हे नवे कनिष्ठ. ४९ मधून ६१ गेले, उरले उणे १२, त्याला ३ ने भागले की उणे ४ : हा नवा क्षेप. नवे ज्येष्ठ येते ३९. ताळा करून पाहा : ६१ × २५ = १५२५, त्यातून ४ गेले १५२१, आणि तो ३९ चा वर्गच आहे.

चक्र इथे एकदाच फिरले. पुढे आचार्य ते फिरवत बसत नाहीत. उणे ४ हाती आला आणि ४ हा २ चा वर्ग आहे, एवढे त्यांना पुरते. दोन्ही मुळे निम्मी केली की ५/२ आणि ३९/२, क्षेप उणे १. अपूर्णांक आले म्हणून त्यांचे काही अडत नाही. मग ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ : दोन उत्तरांचा गुणाकार करून तिसरे काढायची कृती, जी ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिली होती. या जोडीची तिच्याशीच भावना केली की १९५/२ आणि १५२३/२, क्षेप अधिक १. ही जोडी आधीच्या जोडीशी जुळवली की अपूर्णांक झडून जातात : ३८०५ आणि २९७१८, क्षेप उणे १. हिची पुन्हा स्वतःशी भावना केली की काम झाले. कनिष्ठ = २ × ३८०५ × २९७१८ = २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ = ६१ × ३८०५² + २९७१८² = ८८,३१,५९,५२५ + ८८,३१,५९,५२४ = १,७६,६३,१९,०४९. मधल्या १५२३ कडे जरा लक्ष असू द्या, तो पुन्हा भेटणार आहे.

ही रीत भास्कराचार्यांनी स्वतः शोधली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. त्यांचा ग्रंथ तसे म्हणत नाही. रीत सांगून झाल्यावर ‘हिला चक्रवाल म्हणतात’ अशा अर्थाचे क्रियापद ते अनेकवचनात योजतात. म्हणणारे दुसरे कोणी आहेत. ते कोण, हे पुष्कळ काळ अंधारात होते. १९५४ साली कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या ‘सुंदरी’ या इ.स. १०७३ च्या टीकेतून जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक प्रसिद्ध केले, त्यांत चक्रवाल आहे. म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माआधी किमान ४१ वर्षे ही रीत चालू होती. आचार्यांनी ती नेटकी मांडली, ६१ आणि ६७ ही उदाहरणे घालून शिकवली. ६७ चे उत्तर बरेच सौम्य आहे : कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८८४२. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवणाऱ्या माणसाला ६१ चा अवघडपणा ठाऊक होता, असे मी मानतो.

आता दहा आकड्यांकडे. या संख्येतून १ वजा केला की उरते ते २९७१८ च्या वर्गाची दुप्पट. १ मिळवला की येते ते ३८०५ च्या वर्गाची १२२ पट. दोन शेजारी असे असल्यामुळेच त्यांचा गुणाकार ६१ पट पूर्ण वर्ग होतो, आणि प्रश्नाला हवे असते तेवढेच. खुद्द संख्या मूळ नाही. तिची फोड अशी : ११ × ५९ × १५२३ × १७८७. चारही अवयव मूळ संख्या आहेत, आणि त्यांत आपला १५२३ आहे. तो योगायोगाने आलेला नाही. १५२३ चा वर्ग करा, ३ वजा करा, निम्मे करा : ११,५९,७६३. त्याला पुन्हा १५२३ ने गुणा, दहा आकडी संख्या हजर. भावनेच्या मधल्या पायरीवर जे दिसले ते शेवटच्या उत्तरात अवयव होऊन बसले आहे.

आणखी एक खूण. ज्या संख्येतून १ गेला की वर्गाची दुप्पट उरते, तिच्या प्रत्येक विषम मूळ अवयवाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ३ च उरली पाहिजे. हे युरोपातल्या अठराव्या शतकाच्या संख्यासिद्धान्ताने दाखवून दिले. ११, ५९, १५२३, १७८७ : चौघांचीही बाकी ३. २४ ने भागून पाहिले तर चौघांचीही बाकी ११ येते. कनिष्ठाची फोड साध्या लहान मूळ संख्यांनी भरली आहे : २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१. अशा फोडी ‘बीजगणिता’त नाहीत आणि आचार्यांना त्यांची गरजही नव्हती. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र आहे. आपल्या हाती आलेली हस्तलिखिते नकलांच्या नकला आहेत, आणि लेखनिकाचा हात आकड्यांत फार लवकर घसरतो. ज्येष्ठाला ११ ने भाग जातो हे कळले की तपासणी सोपी : उजवीकडून एकाआड एक आकडे मिळवा-वजा करा. ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०. एखादा आकडा बदलला किंवा शेजारचे दोन वेगवेगळे आकडे उलटसुलट झाले, तर हे शून्य येणारच नाही. कनिष्ठाला ९ ने भाग जातो, त्याच्या आकड्यांची बेरीज ३६. शब्दांच्या पाठभेदांवर पंडित पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. इथे भांडण नाही : पानावर दुसरा आकडा दिसला तर तो चूकच.

मात्र संख्या फक्त आपल्या खरेपणाची साक्ष देते. ती कोणी, कधी, कुठे लिहिली हे तिला विचारून कळत नाही. त्यासाठी कागद आणि दगड लागतात.

काळाची साक्ष आचार्यांनीच ठेवली आहे. ‘गोलाध्याया’त ते सांगतात की आपला जन्म शके १०३६ चा आणि सिद्धान्तशिरोमणी आपण वयाच्या ३६ व्या वर्षी रचला. म्हणजे इ.स. १११४ आणि ११५०. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे चार भाग परंपरेने त्याच ग्रंथाचे धरले जातात. गाव त्यांनी ‘विज्जडविड’ सांगितले, सह्याद्रीच्या आश्रयाचे. ते आजचे कोणते यावर विजापूर, बीड, पाटण असे अनेक दावे झाले.

दगडाची साक्ष चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण गावची. तिथल्या देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढे आणला, त्यावर त्यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले, आणि पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादून छापला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. दानाची तिथी शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. कीलहॉर्न यांच्या हिशेबाने ती ९ ऑगस्ट १२०७ ला येते, गुरुवारी.

या लेखात वंशावळ आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला जैत्रपाल राजाने ‘या गावातून’ नेले, असे लेख म्हणतो. घराणे त्या काळी पाटणला होते याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. जन्म तिथेच झाला असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही, आणि विज्जडविड म्हणजे पाटणच असे ठासून सांगणारे ही रेषा सहज ओलांडतात. लेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही, जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विक्रीला उघडणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाला, तेलाच्या घाण्यामागे ठरलेले तेल मठाला, असा तो व्यवहार. राजवंशाची स्तुती संस्कृतात आणि कराचा तपशील गिऱ्हाईक-व्यापाऱ्यांच्या भाषेत, ही वाटणी मला फार बोलकी वाटते. चक्रवाल शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात पाटणच्या घाण्याचे तेल जळत असणार.

वंशावळीत लीलावती नाही. पण अशा लेखात मुलींची नावे येतच नसत, तेव्हा तिच्या नसण्यावरून मुलगी नव्हती असा निष्कर्ष काढणे कच्चे ठरेल.

यादव गेले, बहमनी गेले, आणि पाटणच्या मठानंतर जवळजवळ सव्वातीनशे वर्षांनी संख्येचा माग गोदावरीकाठच्या मुलखात, पाथरीला लागतो. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकात तिच्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही भांडत होत्या. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन बहरी हा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, अशी हकिकत फरिश्त्याने दिली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वजांचे गाव म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाला पाथरी हवी होती. फरिश्ता स्वतः काही काळ नगरच्या चाकरीत होता, तेव्हा हे दरबारी ऐकीव असले तरी घरचे ऐकीव आहे. बुऱ्हाणने १५१८ मध्ये पाथरी घेतली. मध्ये ती हातची गेली, आणि त्याने ती पुन्हा मिळवली.

याच पाथरीत, संस्कृत ग्रंथांत जिला पार्थपूर म्हटले आहे तिथे, ज्योतिष्यांचे एक मोठे घराणे नांदत होते. ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास याने शके १४६० मध्ये, म्हणजे १५३८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली, आणि तीन वर्षांनी लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’. सन आणि नकाशा शेजारी ठेवले की एक गोष्ट ठरते : चक्रवाल असलेल्या ग्रंथावरची ही महत्त्वाची टीका नगरच्या निजामशाहीच्या अमलाखालच्या गावात लिहिली गेली. दरबाराने तिला आश्रय दिला असे मी म्हणत नाही. राज्य नगरचे आणि पोथी पाथरीची, एवढेच कागद सांगतात.

पुढचा दुवा जास्त प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच जास्त घोटाळ्याचा. अकबराच्या दरबारातला कवी शेख फैजी याने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्याचा भाऊ अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त त्याचा गौरवाने उल्लेख करतो. भाषांतराच्या प्रस्तावनेत फैजी दोन गोष्टी सांगतो. भास्कराचार्य दख्खनमधल्या बिदर शहरचे. आणि लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या पत्रिकेत विवाहसुख नव्हते, म्हणून बापाने एक अचूक मुहूर्त काढला, घटिकापात्र पाण्यात सोडले, मुलगी वाकून बघत असता वस्त्रावरचा मोती त्या पात्रात पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला. मग बाप म्हणाला, तुझ्या नावाचा ग्रंथ लिहीन, तो टिकेल.

आपल्या शाळांत सांगितली जाते ती हीच गोष्ट. फैजीच्या प्रस्तावनेआधी ती कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही. ग्रंथ आणि गोष्ट यांत ४३७ वर्षांचे अंतर आहे. शिवाय लीलावतीतली उदाहरणे ज्या स्त्रीला उद्देशून आहेत तिला काही ठिकाणी बाप मुलीला मारणार नाही अशा हाका मारल्या आहेत. ती कविरीत असेल. पण मग ‘लीलावती’ हे नाव तरी कविरीत का नसावे?

आता नगर. १५९१ मध्ये अकबराने फैजीला वकील म्हणून दक्षिणेत पाठवले : आधी बुऱ्हाणपूरला राजा अली खानाकडे, मग अहमदनगरला दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाकडे. बुऱ्हाणला गादी मिळवायला अकबराचे साहाय्य होते, त्याची परतफेड वसूल करायची होती. ती झाली नाही. १५९३ मध्ये फैजी दरबारी परतला तेव्हा राजकारणाच्या नावाने हात रिकामेच होते. नगरहून त्याने अकबराला पाठवलेले अहवाल उरले आहेत. त्यांत राज्यकारभाराच्या बातम्यांबरोबर नगरातल्या मलिक कुमी आणि जुहूरी या फारसी कवींची तारीफ आहे. मोत्याची दंतकथा फैजीने दख्खनमध्ये, नगरच्या मुक्कामात ऐकली असावी, असा तर्क काही जण हौसेने करतात. सनावळी त्याला उभे राहू देत नाही. प्रस्तावना १५८७ ची, नगरची वारी १५९१ ची. गोष्ट त्याने उत्तरेतच ऐकली किंवा रचली. बिदरची चूकही त्याच जातीची. दख्खन पाहण्यापूर्वी लिहिलेली, विज्जडविड नावाच्या ध्वनीवरून सुचली असावी अशी.

फैजीने बीजगणिताला हात लावला नाही. ते काम १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी याने केले आणि शहाजहानला अर्पण केले. एकसष्टचे उत्तर फारसीत गेले ते या भाषांतरातून. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताजमहाल आणि दिल्लीचा किल्ला आपल्या बापाने बांधला, हे अताउल्लाचा भाऊ लुत्फुल्ला याने आपल्या दीवानात लिहून ठेवले आहे आणि तिथे भावांची नावेही दिली आहेत. आणि औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर स्थपती म्हणून अताउल्लाचे नाव कोरले आहे, हंसपतरायच्या नावासोबत. नगरचा वजीर मलिक अंबर याने वसवलेल्या खडकीचेच पुढे औरंगाबाद झाले. म्हणजे त्या दहा आकडी संख्येचा फारसी भाषांतरकार शेवटी पाटण आणि नगर यांच्या मधल्या गावात येऊन घुमट बांधून गेला. औरंगाबादचे मार्गदर्शक पर्यटकांना ताजमहालाशी तुलना ऐकवतात. हे कोणी सांगताना मी ऐकलेले नाही.

युरोपची बाजू थोडक्यात. फेब्रुवारी १६५७ मध्ये फर्माने फ्रेनिकलला पत्र लिहून हाच प्रश्न घातला आणि नमुन्याला ६१ व १०९ घेतले. इंग्लंडात ब्राउंकरने रीत काढली. ऑयलरने चुकून तिसऱ्याच माणसाच्या, पेलच्या, नावाने समीकरणाचे बारसे केले. उत्तर नेहमी निघतेच ही सिद्धता लग्रांजने दिली. फर्माने भास्कराचार्यांवरून ६१ उचलला, असा दावा आपल्याकडे अधूनमधून होतो. तो सोडून द्यावा. १६५७ मध्ये बीजगणित कोणत्याही युरोपीय भाषेत नव्हते. ६१ दोघांनी निवडला कारण शंभराच्या आत तोच सर्वांत अवघड आहे. प्रश्न नीट समजलेला कोणीही तिथेच पोहोचेल. पाचशे सात वर्षे आधी उत्तर लिहून ठेवणे हा मान पुरेसा आहे, त्याला चोरीच्या आरोपाची झालर नको. लंडनला बीजगणित छापले गेले ते १८१३ मध्ये, स्ट्रेचीच्या हातून, आणि तेही अताउल्लाच्या फारसीवरून. १८१६ मध्ये मुंबईत डॉ. जॉन टेलरने लीलावती संस्कृतावरून इंग्रजीत आणली, आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने लीलावती व बीजगणित दोन्ही मूळ संस्कृतावरून.

तिसऱ्यांदा नगर येते ते किल्ल्याच्या रूपाने. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीला नगरच्या किल्ल्यात डांबले. तिथे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्यात प्राचीन भारतातल्या गणितावर एक भाग आहे, त्यात भास्कराचार्य आहेत, लीलावती आहे. विभूतिभूषण दत्त आणि अवधेशनारायण सिंग यांच्या हिंदू गणिताच्या इतिहासाचे ऋण नेहरूंनी तळटीपेत मोकळेपणाने मान्य केले आहे. त्याच ग्रंथाच्या १९३८ च्या दुसऱ्या खंडात चक्रवाल पायरीपायरीने सोडवून दाखवले आहे, एकसष्टसकट. किल्ला पाहायला येणाऱ्यांना नेहरूंची खोली दाखवतात. त्या भिंतींआड गणिताची ही पाने लिहिली गेली, हेही सांगायला हरकत नाही.

एक काम मात्र उरले आहे. नगर, नेवासे, पैठण, पाथरी या पट्ट्यातल्या जुन्या जोशी आणि शास्त्री घरांत अजून बासने आहेत. त्यांत पंचांगे असतात, जातके असतात, क्वचित बीजगणिताची पोथीही असते. असे बासन तुमच्या घरी असेल तर ज्या पानावर प्रकृती ६१ लिहिली आहे ते शोधा. ऋण आकड्याच्या डोक्यावर टिंब असते, तेव्हा ४ वर टिंब दिसले तर तुम्ही योग्य पानावर आहात. खाली २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ शेजारी असतील. दुसऱ्या संख्येचे आकडे उजवीकडून एकाआड एक मिळवून-वजा करून पाहा, शून्य आले तर नक्कल करणारा सावध होता. मग शेवटचे पान उलटून नकलेचा शक, गाव आणि लेखनिकाचे नाव टिपून घ्या आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा. पोथी द्यायची नसेल तर देऊ नका; शेवटच्या पानाचे छायाचित्र पुरे.